सोमनाथचा श्रावण

चंद्रभागाबाईंनी ओल्या फडक्यावर पसरलेल्या सातूला हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग सुनेला विचारलं,

"उज्वले, घट उठून आठ दिस नाय झाले. आता परत कशाचे घट बसवले गं?"

सातूला पांढरे मोड फुटले होते, त्यामुळे म्हातारीची काही चूक नव्हती. उज्वला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "घट नाहीत आई. यांच्यासाठी करतेय."

"खायला?"

"प्यायला. बिअर."

हा शब्द त्या दोन खोल्यांत याआधी कुणी उच्चारला नसेल. चंद्रभागाबाईंनी घोटीकडच्या गावात मोहाची भट्टी लांबून पाहिली होती, पण घरच्या सुनेनं देव्हाऱ्यापासून चार हातांवर हा उद्योग मांडावा, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. वाहिलेलं कुंकू परत कसं घ्यायचं हेही त्यांना कळेना.

उज्वलानं हे हौसेनं आरंभलं नव्हतं. तिचा नवरा सोमनाथ सिन्नरच्या कारखान्यात टर्नर होता. कामाला चोख, बोलायला गोड आणि देशी दारूला पक्का बांधलेला. संध्याकाळी कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडायची आणि नाक्यावरून घरी त्याला रिक्षावाले सोडायचे. सकाळी हात असे कापत की शर्टाची बटणं उज्वला लावून द्यायची. यकृताला सूज आहे, दारू बंद करा, असं इंदिरानगरातल्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा सोमनाथनं मान डोलावली होती. तो जगावा, एवढंच उज्वलाला हवं होतं. तो सुधारावा वगैरे स्वप्नं तिनं केव्हाच सोडून दिली होती.

दोन हजार दोन सालच्या त्या दसऱ्याला तिचा थोरला भाऊ गोटीराम आला. तो औरंगाबादकडे बिअरच्या कारखान्यात होता. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून बिअर करतात आणि ती देशीपेक्षा पुष्कळ हलकी असते, हे तो जेवताना सहज बोलून गेला. उज्वलाच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

"दादा, घरी होते का रे?"

"होते की. पण गुन्हा आहे तो. आणि तुला कशाला नसते धंदे?"

"बाहेर विष पितात. त्यापेक्षा माझ्या हातचं पिऊ दे. मग मी कमी कमी करत नेते."

चारच दिवसांनी परत येऊन गोटीरामनं कडू वासाची वाळलेली फुलं आणि डबीत यीस्ट आणून दिलं. पाणी कढत हवं पण उकळतं नको, भांडी स्वच्छ हवीत, बाकी तुझी तू शिकशील, असं सांगून तो निघून गेला.

पहिली बिअर फसली. मोड आणणं, गच्चीवर वाळवणं, तव्यावर हलकं भाजणं, हे सगळं कुरडया-पापड करणाऱ्या बाईला काय अवघड? पण पातेलं ढवळायला तिनं ताकाचाच डाव घेतला आणि चार दिवसांत सगळं आंबट झालं. सोमनाथनं एक घोट घेतला आणि म्हणाला, "उज्वला, याला फोडणी दे. कढी झालीय."

दोघं पोट धरून हसली. त्या घरात असं हसणं कैक वर्षांत झालं नव्हतं.

दुसरी जमली. थंडी होती म्हणून तिनं पातेल्याला गोधडी गुंडाळून ठेवलं होतं. गढूळ, किंचित कडू, पण फेस यायचा. ठरलं ते असं: सोमनाथनं बसमधून उतरायचं ते थेट घरी यायचं, आणि जे प्यायचं ते घरचं. सुरुवातीला तो चोरून नाक्यावर जायचा. मग हळूहळू त्यालाच या प्रकाराची गोडी लागली. सुटीच्या दिवशी गच्चीवर बसून तो सातू वर-खाली करू लागला, दाणा दाताखाली फोडून "अजून ओला आहे" म्हणू लागला. पिण्याचं मोजमाप उज्वलाच्या हाती होतं. सकाळी उठल्याबरोबर एक ग्लास, त्यानं हात थांबायचे. मग संध्याकाळी बाटल्या. संक्रांतीनंतर तिनं संध्याकाळची एक बाटली कमी केली. उन्हाळ्यात आणखी एक. नवरा भात मागून घेऊ लागला तेव्हा तिला आपल्या हातांचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

आषाढ संपत आला तसं सोमनाथनंच विषय काढला.

"आई, यंदा मी श्रावण पाळणार. महिनाभर थेंब नाही. तिसऱ्या सोमवारी आपण ब्रह्मगिरीच्या फेरीलाही जाऊ."

चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. लग्नाआधी पोरगा श्रावण पाळायचा. मग नुसते सोमवार राहिले, मग तेही गेले. "माझ्या जन्माचं सोनं झालं रे," त्या म्हणाल्या. उज्वलालाही भरून आलं. वर्षभर घोट घोट कमी करून जे साधायचं होतं, ते देवानं एका दिवसात पदरात टाकलं, असंच तिला वाटलं. दिव्याच्या अवसेला तिनं घरातले दिवे घासले, आणि उरलेल्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. घरात ठेवलीच नाही म्हणजे मोह नको.

पहिल्या दिवशी हात थरथरले. ते नेहमीचंच होतं. दुसऱ्या दिवशी घामानं बनियन पिळून निघालं, झोप लागेना. दुपारी तो तिला हळूच म्हणाला, "एखादी राहिलीय का गं कुठं? घोटभर."

"श्रावण मोडायचा का? आईंना काय वाटेल?" ती म्हणाली. "दोन दिवस कळ काढा. जाईल हे."

"बरं," सोमनाथ म्हणाला. तो शहाण्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला आईच्या पदरावर मुंग्या दिसू लागल्या. तो त्या झटकत होता आणि म्हातारी रडत होती. मग त्याला फीट आली. रिक्षात दुसरी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिसरी.

"रोज किती प्यायचे?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. उज्वलानं सांगितलं. "आणि एकदम बंद केली? बाई, रोज पिणाऱ्याची अशी एका दिवसात तोडायची नसते. जिवावर बेततं. हळूहळू कमी करायची असते."

"हळूहळूच करत होते," उज्वला म्हणाली.

चौथ्या दिवशी सोमनाथ गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला चंद्रभागाबाई एकच सांगत. "लेकराचं तोंड शुद्ध होतं. श्रावण पाळून गेला माझा सोमनाथ." तेवढ्याच आधारावर त्या दोन घास खात होत्या. उज्वला आत चहा करायची आणि ते वाक्य ऐकलं की गॅस बारीक करून उगीच उभी राहायची. डॉक्टरांचं बोलणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गोटीरामलाही नाही.

गणपती दोन दिवसांवर आले तेव्हा शेजारची कलाबाई आली. तिचा नवरा टेम्पो चालवायचा आणि सोमनाथच्याच नाक्यावर प्यायचा. कलाबाई आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, वेळ बरी नाही, कळतं मला. पण तुम्ही भाऊजींची सोडवली होती. आता मीही सोडवते. परवा गणपती बसले की मूर्तीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावते. विसर्जनापर्यंत थेंब नाही. तुम्ही सांगा, बरोबर ना?"

"चांगलं करते गं," चंद्रभागाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "देवापुढं घेतलेली शपथ मोडत नाय माणूस. माझ्या सोमनाथनं नाय मोडली."

उज्वलानं सासूकडे पाहिलं. भिंतीला टेकून बसलेली, वाळून गेलेली म्हातारी. तिच्याजवळ आता तेवढं एकच उरलं होतं. उज्वलाला वाटलं, बरोबर म्हणावं, चहा द्यावा आणि कलाबाईला लावून द्यावं. मग तिला तो टेम्पोवाला आठवला. सोमनाथला कितीदा तरी तोच हाताला धरून दारापर्यंत आणायचा.

"कलाबाई, शपथ घालू नका," ती म्हणाली. "एकदम सोडली की माणूस मरतं. हे त्यानंच गेले. डॉक्टरांनी सांगितलं मला. मागत होते घोटभर, तर मी दिली नाही. ती पोटात गेली असती तर आज असते."

कलाबाई म्हणाली, "म्हणजे गणपतीतही पाजायची?"

"पाजा. आणि दवाखान्यात न्या. ते सांगतील तशी कमी करा."

कलाबाई उठली, दारापर्यंत गेली. चेहऱ्यावरून तिला काहीच पटलेलं दिसत नव्हतं.

"कले," चंद्रभागाबाईंनी हाक मारली. "ही सांगते तसं कर. शपथ नको घालू त्याला."

मग त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्यानंतरही बायका भेटायला येत राहिल्या, पण लेकराच्या शुद्ध तोंडाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.