वरची पायरी बुटकी

मी जिना बोलतोय. कुठल्या घरातला नव्हे. केंटकीच्या डोंगरातल्या एका कॉलेजच्या सुतारशाळेत मी उभा आहे. माझ्या माथ्यावर नुसता एक लाकडी ओटा आहे, पुढे भिंत.

गणिताच्या प्रवेशपरीक्षेत आपटलेली मोठी माणसं इथे येतात. प्रुइट सर त्यांना अपूर्णांक शिकवतात ते फळ्यावर नाही, लाकडावर. एकूण उंचीला पायऱ्यांनी भागायचं, की एका पायरीची उंची मिळते. अशा भागाकारातून मी जन्मलो.

मला खाचा पाडल्या त्या व्हर्ना स्टिडहॅमने. पन्नाशी उलटलेली विधवा. शाळेत गणिताचे तास बुडवायचे म्हणायची. माझ्यावर मात्र तिचा हात छान बसला.

एके दिवशी सरांनी माझ्या पायऱ्यांवरच्या पातळ फळ्या काढून जाड ठोकायला लावल्या. "आता सांगा, कुठल्या पायरीची उंची बदलली?"

"सगळ्यांची!" खाणीतून काढून टाकलेला हॉबर्ट ओरडला.

व्हर्नाने टेप लावली. मधल्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा. खालची पाऊण इंच वाढलेली आणि अगदी वरची, ओटा होता तिथेच राहिल्याने, पाऊण इंच कमी झालेली. तिने पुन्हा मोजलं. मग माझ्यावरच बसली.

"काय व्हर्नाबाई, अपूर्णांक चावला का?" हॉबर्ट हसला.

"माझ्या नवऱ्यानं, डेलबर्टनं, आमच्या तळघराच्या जिन्याला जाड फळ्या ठोकल्या होत्या," ती म्हणाली. "जुन्या माझ्या पायाखाली वाकायच्या म्हणून. त्याच आठवड्यात गेला तो."

हॉबर्टचं हसू मावळलं. डेलबर्ट कसा गेला ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. शेंगांच्या बरण्यांची पेटी घेऊन तळघरातून वर येताना माथ्यावरून मागे कोसळला. सोडलेली दारू परत धरली असणार, लोक म्हणाले. पोरगी म्हणाली. व्हर्नानेही मान डोलावली होती.

"त्याच्या पायाला जुना जिना पाठ होता," सर हळूच म्हणाले. "पेटीमुळे खालचं दिसत नव्हतं. पाय जिथं जमीन शोधत होता, तिथं ती नव्हतीच."

शनिवारी व्हर्ना मुलीला, मार्लाला, घेऊन आली. तिच्या हातात भरलेली पेटी दिली.

"चढ."

"आई, हा काय पोरखेळ?"

"चढ म्हणते ना."

मार्ला भराभर चढली. माथ्यावर तिचा पाय दचकून खाली पडला, तोल गेला. मागे उभ्या आईने तिला पाठीतून धरलं.

"कुणी केलंय हे असलं?"

व्हर्नाने टेप काढून दाखवली. वजाबाकी करून दाखवली, तिला जमायला लागली होती तशी, सावकाश. मार्ला वरच्या पायरीवर बसली. पेटी मांडीवर तशीच.

"आई, शवपेटीवर वाकले ना मी, तुम्हा सगळ्यांना वाटलं मुका घेतेय," ती म्हणाली. "मी बाबांच्या तोंडाचा वास घेत होते."

व्हर्ना तिच्या शेजारी, माझ्या अंगावर, दाटीवाटीने बसली.

त्यांनी घरचा जिना उखडून नवा केला. पुढे व्हर्ना परीक्षा पास झाली आणि सुतारकामाच्या वर्गात गेली. मला मात्र सरांनी दुरुस्त करू दिलं नाही. दर नव्या वर्गाला ते आधी माझ्यावर चढवतात. लोक अडखळतात, हसतात आणि मोजायला बसतात.

सुट्टीच्या दिवसांत इथे कुणी नसतं. तरी भरदुपारी कधीकधी माझ्या खालच्या फळीवर वजन पडतं. जड, बेताबेताचं, हातात काहीतरी नाजूक असल्यासारखं. पायरीपायरीने वर येतं आणि शेवटच्या पायरीआधी थांबतं. मी लाकूड आहे, चुकत असेन. तरी दर वेळी मला एवढंच म्हणावंसं वाटतं: पाय अलगद टेक, बाबा. वरची पायरी बुटकी आहे. तू काही प्यायलेला नाहीस.