जिथे मेलानिया होती

मानाग्वा शहरातल्या त्या बिननंबरी गल्लीत अकरा घरांच्या पत्त्याची खूण एकच होती, सगळे जिला आदराने 'दोन्या' म्हणत त्या मेलानियाची, मक्याच्या पिठाचे नाकातमाल उकडून विकायची चूल. गुडघा धरला म्हणून म्हातारीने महिनाभर चूल बंद ठेवली, तोच पोस्टमन फेर्मिनच्या हातातल्या पाकिटावर तिला दिसले, "जिथे मेलानिया होती, तिथून दोन चौक तळ्याकडे."

"होती? अरे, मग तुझ्यासमोर हे कोण बसलंय?"

"मी नाही लिहिलं, दोन्या. भूकंपात पडलेल्या थिएटरवरूनही अजून पत्ते चालतातच की. त्यात वाईट काय?"

"थिएटरला वाचता येत नाही. मला येतं."

त्याच शनिवारी तिने लंगडत चूल पेटवली आणि केळीच्या पानांत नाकातमाल बांधले. दुपारपर्यंत टोपले रिकामे झाले.

फेर्मिनने कपाळाला हात लावला. "आता अकरा घरं पुन्हा पत्ता बदलणार. माझे हाल कुत्रा खाणार नाही."

"बदलू देत. तुला तेवढंच काम."

पुढच्या आठवड्यात पाकीट आले, "जिथे मेलानिया आता पुन्हा आहे, तिथून दोन चौक तळ्याकडे."

मेलानियाने ते चष्मा लावून सावकाश वाचले.

"त्यांना सांग, 'पुन्हा' काढा म्हणावं," ती म्हणाली. "मी गेले कुठे होते?"