बेसिकवाली

“मॅडम, आप बाहर बैठिए. परीक्षा बच्ची की है,” असं म्हणून गणिताच्या शेखावत सरांनी माझ्या तोंडावर दार लावलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी अवनीच्या मागोमाग थेट वर्गात शिरले होते. तिची पाण्याची बाटलीही माझ्याच हातात राहिली होती.

व्हरांड्यात एक बाक होता. बसले, उठले, पुन्हा बसले. दाराला उभी काच होती, तिच्यातून अवनीची वेणी आणि अर्धा खांदा दिसत होता. पाच गणितं, पाऊण तास. तीन सुटली तर अकरावीला गणित मिळणार, नाहीतर गणिताला कायमचा रामराम. दहावीला ज्यांनी सोपा पेपर, म्हणजे बेसिक घेतला होता, त्यांना पुढे गणित हवं असेल तर ही परीक्षा द्यायची, हा त्या शाळेचा आपला नियम. दहावीचा निकाल यायचा होता, पण विषय एप्रिलमध्येच ठरवून मोकळं व्हायचं, हीही त्यांचीच पद्धत. दुसरा शनिवार म्हणून बँकेला सुट्टी होती, नसती तर मी रजा टाकली असती. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

सुरुवात सोनलमुळे झाली. सोनल आमच्या खालच्या मजल्यावरची, अवनीच्याच शाळेतली, पण अवघड पेपरवाली, म्हणजे स्टँडर्डवाली. सराव पेपर घेऊन ती आमच्याकडे यायची आणि सोडवायची कमी, वैतागायची जास्त. एका संध्याकाळी ती खाली गाड्यावर पताशी, म्हणजे आपली पाणीपुरी, खायला गेली. परत येऊन बघते तो अर्धा पेपर अवनीने सोडवून ठेवलेला. सोनलने तो सरांना नेऊन दाखवला आणि कोणी सोडवला तेही सांगितलं, हा त्या पोरीचा मोठेपणा. सरांनी अवनीला बोलावून विचारलं, “बेटा, ग्यारहवीं में मैथ्स लोगी?” त्या दिवशी पोरगी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत घरी आली.

“आई, सर म्हणाले मी घेऊ शकते! मतलब, मी! बेसिकवाली!”

हे ‘बेसिकवाली’ ती दीड-दोन वर्षं हसत हसत म्हणत आली होती. पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे हसायचे, मीही हसायचे, आणि आत मला टोचायचं. टोचायला कारणही तसंच होतं.

मी बँकेत अधिकारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं आमचं चाललेलं: अकोला, रायपूर, भोपाळ आणि अवनी नववीत असताना ऐन ऑक्टोबरात जयपूर. तिचे बाबा, अभिजित, अमरावतीला कॉलेजात शिकवतात, त्यामुळे पोरगी आणि सामान दोन्ही माझ्याबरोबर. दर बदलीला तिचं गणित अडायचं. जुन्या शाळेत धडा झालेला नसायचा, नव्या शाळेत तो होऊन गेलेला असायचा. भोपाळला गेलो तेव्हा तर ती रडून रडून आजारी पडली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जयपूरला प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ‘बेसिक की स्टँडर्ड’ असा रकाना आला तेव्हा अवनी सांगानेरच्या नव्या घरात खोकी उघडत होती. मी तिला साधा फोनसुद्धा केला नाही. बेसिकवर खूण केली, खाली सही ठोकली. संध्याकाळी तिने विचारलं, “बेसिक काहून?” आणि मी म्हणाले, “शाळेनं दिलं.”

एवढंच. तिने मान डोलावली. शाळेने आपले मार्क पाहिले आणि आपल्याला कच्चं ठरवलं, असं तिने मनात धरलं होतं, हे मला पुढे हळूहळू समजलं. समजल्यावर तरी सांगायचं! पण एकदा वेळ टळली की सांगणं दर महिन्याला अवघड होत जातं. मी आपली गप्प बसले.

अभिजितचा फोन आला. “काय करून राहिली ती?”

“लिहून राहिली.”

“चेहरा कसा आहे?”

“पाठ दिसते फक्त.”

“मग पाठ कशी आहे?”

एरवी मी चिडले असते, पण खरं सांगायचं तर मीही तेच बघत होते. पाठ आतापर्यंत वाकलेली होती. आता ती ताठ झाली. अवनीने पेन ठेवलं आणि छताच्या पंख्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. “अडली हो,” मी फोनवर कुजबुजले. मी देव पाण्यात घालून बसणाऱ्यातली नाही, पण हातात बाटली होती आणि देव असते तर घातलेही असते. तेवढ्यात ती झटक्यात खाली वाकली आणि अशी लिहायला लागली की वेणी खांद्यावरून पुढे गेली. “सुटली!” मी ओरडले. व्हरांड्यातल्या शिपायाने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं.

दार उघडलं ते सरांनीच. हातात तिथेच तपासलेला कागद, आणि ते हसत होते.

“तीन चाहिए थे, चार सही हैं! और मॅडम, ये देखिए.” सातने भाग जाणाऱ्या सगळ्या तीन आकडी संख्यांची बेरीज विचारली होती. घाबरून अवनी सूत्रच विसरली. म्हणून तिने पहिली संख्या शेवटचीला जोडली, दुसरी शेवटून दुसरीला. प्रत्येक जोडी एक हजार नव्याण्णवची. अशा जोड्या चौसष्ट. “फॉर्म्युला भूल गई, तो बैठे-बैठे बना लिया!” सर शिपायालाही सांगत सुटले. अवनी मागे उभी होती, कानापर्यंत लाल. मी तिला तिथेच मिठी मारली. बाटलीचं झाकण सैल होतं, दोघी भिजलो.

विषयांचा फॉर्म भरायला सर आम्हाला ऑफिसात घेऊन गेले. तिथे त्यांनी तिची जुनी फाइल काढली. “एक बात समझ में नहीं आई. भोपाल से अट्ठासी नंबर लाई थी ये. फिर हमने इसे बेसिक में क्यों डाला?” त्यांनी पान उलटलं. नजर खाली सहीवर थांबली, मग माझ्यावर आली. भला माणूस. त्यांनी फाइल मिटली. “चलिए, ऑफिस की गलती होगी.”

“मिस्टेक होती?” अवनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “मतलब मी वीक नव्हतीच? आई, ऐकलं का तू?”

मी काही बोलले नसते तरी चाललं असतं. सरांनी वाट करून दिली होती, पोरगी खूश होती. पण दुसऱ्या कुणाच्या माथी मारलेली माझी चूक तिने इतक्या आनंदाने घ्यावी, हे मला सोसलं नाही.

“शाळेनं नाही, अवनी. ते मी लिहिलं होतं.”

“तू?”

“तुला विचारलंबी नाही. पुन्हा भोपाळसारखं होईल म्हणून भ्याले मी. अन् वरून खोटं बोलले.”

सर भिंतीवरचं वेळापत्रक फार लक्ष देऊन वाचायला लागले. अवनी ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दोन साल मी स्वतःला ढ समजून राहिली होती, आई,” ती हळूच म्हणाली. मग तिने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि विषयांच्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं, गणिताचं.

आणि मला बघा! एवढं होऊनही माझी जीभ जागेवर राहिली नाही. “पण पुढच्या वर्षी माझी बदली लागली तर? बारावीत मधेच शाळा...”

“तर तू जा,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “मी हॉस्टेलला राहीन. मी नाही येणार.”

आवाजात राग नव्हता. ठरलेलं सांगावं तसं तिने सांगितलं. बदलीच्या किती ऑर्डरी मी उभ्या उभ्या घेतल्या असतील, पण पोरीने काढलेली ही पहिलीच. तिने फॉर्म पुढे सरकवला. मी सही केली.

परतताना रिक्षात ती माझ्यापासून हातभर लांब बसली. मी अभिजितला फोन लावून तिच्याकडे दिला. “चार, बाबा! पाच में से चार!” ती त्याच्याशी खिदळली, सगळ्या जोड्या त्याला पुन्हा जुळवून दाखवल्या, आणि बंद झाल्यावर फोन सीटवर ठेवून दिला, माझ्या हातात नाही. मला आनंद किती वाटत होता आणि अपराधी किती, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने तिने दप्तरातून प्रश्नपत्रिका काढली. पाचवं गणित राहिलं होतं. गरम वाऱ्याने कागद फडफडत होता, तिला लिहिता येईना. दोनदा प्रयत्न करून तिने तो दप्तरावर ठेवला आणि दप्तर आमच्या दोघींच्या मध्ये.

“हे धर,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “दोन्ही हातांनी. हलवू नको नं.”

मी कागदाची दोन्ही टोकं घट्ट धरली. ती काय लिहीत होती ते मला एका अक्षराने कळत नव्हतं. विमानतळाच्या वळणावर ऊन सरळ डोळ्यांत आलं, पण आडवा धरायला हात मोकळा नव्हता.