नुसता उभा

"या मेल्याला काही रीतभात आहे की नाही? दर शनिवारी यायचं, समोरच्याच्या नाकाला नाक लावून उभं राहायचं, मार खायचा नि जायचं. तोंडातून एक शब्द नाही!"

श्यामलाबाईंनी गवारीची शेंग कटकन मोडली. त्यांची नजर स्वानंदच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. चार वाजले नव्हते तोच इंग्लंडातल्या लेस्टरचा हिवाळी उजेड विझला होता.

स्वानंद या पुढच्या खोलीत बसून ईस्ट मिडलंड्स भागाची व्हिडिओ गेमची स्पर्धा चालवायचा. डर्बी, नॉटिंगहॅमची पोरं आपापल्या घरून खेळायची. पडद्यावरच्या पैलवानांनी एकमेकांना लोळवायचं, उरेल तो जिंकला. लांबून खेळणाऱ्याचा ठोसा उशिरा पोचतो, म्हणून फक्त आसपासच्या गावांना प्रवेश. व्हिजिटर नावाच्या त्या माणसाला मात्र कधी जराही उशीर होत नसे.

"लोक सोडून चाललेत, आई. आता डर्बीवाला पण म्हणतो, त्याच्याशी नाही खेळणार. असं झालं तर माझी टूर्नामेंट संपली."

"घाबरायचं काय त्यात? मारत तर नाही तो."

"तेच ना! मारत नाही. नुसता बघत उभा राहतो. इट्स क्रीपी." त्याने हेडफोन कानावर नीट बसवला. "आज मी स्वतः खेळतो त्याच्याशी. बोलला नाही, तर कायमचा बॅन."

सामना सुरू झाला. स्वानंदचा पैलवान मागे सरकला. व्हिजिटरचा राखाडी कपड्यांतला पैलवान सावकाश चालत आला आणि हात खाली सोडून उभा राहिला. स्वानंदने लाथ मारली. तो पडला, उठला, पुन्हा तितकाच जवळ आला. स्वानंदने पुन्हा पाडलं. पुन्हा तेच. श्यामलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हॅलो? माइक चालू आहे तुझा. श्वास ऐकू येतोय मला," स्वानंद इंग्रजीत म्हणाला.

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

स्वानंदचा हात थांबला. त्याने हेडफोन एका कानावरून काढला, परत लावला.

"आई, शिट्टी... त्याच्याकडे पण झाली. आत्ता. सेम."

गवारीचं ताट खाली ठेवून श्यामलाबाई आत गेल्या, गॅस बंद केला आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या. सगळं घर कान देऊन बसल्यासारखं गप्प होतं.

वर फक्त स्वानंदचे वडील, डॉक्टर पुरुषोत्तम होते. मुलाने मेडिकलचं चौथं वर्ष सोडलं, त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता. जेवताना मीठ हवं असलं, तरी ते "त्याला सांग" म्हणत बायकोकरवी मागायचे. शनिवारी दुपारी मागच्या लहान खोलीत दार लावून वाचत बसायचे. निदान सांगायचे तसं.

श्यामलाबाईंनी दार न वाजवता ढकललं.

दिवा लावलेला नव्हता. स्वानंदच्या जुन्या कॉम्प्युटरचा निळा उजेड पुरुषोत्तमांच्या मफलरवर, कपाळावर चढवलेल्या चष्म्यावर पडला होता. उजव्या हाताचं एकच बोट पुढे चालायच्या बटणावर दाबलेलं होतं, नाडी बघताना ठेवत तसं. पडद्यावर दोन पैलवान नाकाला नाक लावून उभे होते.

बारक्या स्पीकरमधून स्वानंदचा आवाज आला. "प्लीज. हू आर यू? शेवटचं विचारतोय."

पुरुषोत्तमांचे ओठ उघडले आणि तसेच मिटले. दाराशी बायको दिसली, तेव्हा त्यांनी घाईने डाव्या हाताने खूण केली, गप्प राहा. बटणावरचं बोट मात्र उचललं नाही.

"ओके," स्पीकर म्हणाला. "मग बॅन."

श्यामलाबाई पुढे झाल्या. टेबलावरच्या माइकपाशी वाकल्या, आणि आवाज जराही न उतरवता म्हणाल्या,

"अहो, एवढे शिकलात, तुम्हाला साधा अबोलासुद्धा धड धरता येत नाही!"