दारातला एक शब्द

परदेशी सिनेमातला व्हँपायर आपल्या भाषेत आणायचा म्हटलं की लोकांना वाटतं, खरी अडचण त्याच्या दातांची असणार. दात काय, कुणीही बसवतं. अडचण असते ती त्याच्या शिष्टाचाराची. हा प्राणी माणसांचं रक्त पितो, पण बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. घरातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने त्याला आत बोलवावं लागतं. मूळ चित्रपटात तो दारात उभा राहून अदबीने विचारतो, आणि एकटी राहणारी म्हातारी दार उघडून बाजूला होते. आमच्या दिग्दर्शकाने तो चित्रपट नव्याने करायला घेतला, संवाद माझ्याकडे आले, आणि त्या एका प्रसंगापाशी मी आठ दिवस अडून बसले. कारण आमची म्हातारी असं करणार नाही. ती साखळी लावून फटीतून बोलेल आणि वर पाच प्रश्न विचारेल.

मग सुचलं. सुचलं कसलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या आईसमोर कुणी 'जातो' म्हणालं की ती लगेच त्याला अडवते. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आणि तो बिचारा 'येतो' म्हणाला की हिच्या तोंडून आपसूक 'या' निघतं. तो निरोप असतो, आमंत्रण नव्हे. पण व्हँपायरला तेवढं पुरे. माझा व्हँपायर तीन संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर बसून म्हातारीशी गप्पा मारतो. आत येऊ का, असं एकदाही विचारत नाही. चौथ्या दिवशी उठतो, 'बरंय, येतो,' म्हणतो, आणि कपाटात कप लावणारी म्हातारी पाठमोरीच, सवयीने म्हणते, 'या.' तिथे तिचं संपलं. दिग्दर्शकाने हे वाचलं आणि खुर्चीतून उठून मला चहा करून दिला. तो स्वतःलाही चहा करून घेत नाही.

त्याला एक गोष्ट मी सांगितली नाही. तो प्रसंग मी एकाच प्रेक्षकासाठी लिहिला होता, माझ्या आईसाठी.

मला एक धाकटा भाऊ आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. हातात कसब आहे, पण त्याच हातात बाटली आली की संपलं. दोन दिवसांसाठी म्हणून यायचा आणि दोन महिने राहायचा. आरडाओरडा, आदळआपट, मग रडणं, मग आईच्या पायाशी बसून शपथा. जाताना आई त्याला दरवेळी 'ये' म्हणायची आणि तो दरवेळी यायचा. सव्वा वर्षापूर्वी त्याने भरलेलं पातेलं भिरकावलं, ते अडवायला आई मध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांना तिने न्हाणीघरात घसरले म्हणून सांगितलं. परत येताना मी तिला झापलं, तेव्हा म्हणाली, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याच दुपारी मी धाकट्याची बॅग दाराबाहेर ठेवली आणि सांगितलं, या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तो एवढंच म्हणाला, "जातो." प्लॅस्टरमधला हात सावरत आई खुर्चीतून उठत होती. ती दारापर्यंत पोचायच्या आत मी दार लावून घेतलं.

त्यानंतर आई मला एका शब्दानेही बोलली नाही. चुकलीस म्हणाली नाही, तशी बरोबर केलंस असंही म्हणाली नाही. आणि मला तेच ऐकायचं होतं. माझं वय बावन्न आहे, चार माणसांत तोंड उघडायला मी घाबरत नाही, पण आईच्या तोंडून 'तुझं बरोबर होतं' हे ऐकल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागत नव्हती. म्हटलं, सरळ बोलत नाही ना, मग सिनेमा दाखवू. एका 'या'ने काय होतं ते पडद्यावर पाहिलं की डोळ्यांत अंजन पडेल.

चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी लोकांना फुकट दाखवून मतं घ्यायची, असं ठरलं. शनिवारी सकाळी एका छोट्या थिएटरात दीडशे-एक माणसं जमली. आई स्वेटर घालून आली, कारण अशा ठिकाणी गारठा असतो हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहत बसले. म्हातारी 'या' म्हणाली तेव्हा थिएटरात थोडा हशा झाला, मग तो मध्येच तुटला, मग कुणीतरी मागच्या रांगेत 'अगं बाई' म्हणालं. आई नुसती बघत होती. शेवटी सगळ्यांना छापील फॉर्म वाटले, तिनेही एक घेतला. माझं पेन मागून घेतलं, चष्मा बदलला, आणि गॅस सिलिंडरचा अर्ज भरावा तशी खाली मान घालून लिहीत बसली. मी हात पुढे केला तरी फॉर्म माझ्याकडे दिला नाही. चार घड्या घालून स्वतः पेटीत टाकून आली. घरी येईपर्यंत थिएटर फार गार होतं, याखेरीज एक अक्षर नाही.

सोमवारी दिग्दर्शक आणि मी संकलनाच्या खोलीत फॉर्म वाचायला बसलो. व्यक्ती तितक्या प्रकृती. एकाला रक्त कमी पडलं, एकीला जास्त झालं. एका नर्सने लिहिलं होतं की रक्त इतका वेळ लाल राहत नाही, काळपट पडतं, कृपया दुरुस्ती करावी. एका दातांच्या डॉक्टरने व्हँपायरच्या सुळ्यांचं चित्र काढून बाणाने चूक दाखवली होती. नववीतल्या मुलाने लिहिलं होतं, 'अजिबात भीती वाटली नाही. बहीण रडली.' मूळ चित्रपट पाहिलेल्यांचा तर एक वेगळाच पंथ असतो. त्यांच्या प्रत्येक फॉर्मवर 'मूळची सर नाही' हे एक वाक्य होतंच. त्यातल्या एकाने मूळ चित्रपट अर्धाच पाहिल्याचंही प्रामाणिकपणे कबूल केलं होतं. एका आजोबांचं म्हणणं पडलं की आपली भुतं झाडावर राहतात, ती दारात थांबून परवानगी मागत नाहीत, तेव्हा हे भूत फारच सुशिक्षित वाटतं. दिग्दर्शक हसत होता, पण त्याचा पाय टेबलाखाली हलत होता. नवीन काही करायला गेलं की तो असाच बसतो.

दाराच्या प्रसंगावर मात्र बहुतेक सगळ्यांनी लिहिलं होतं. निम्म्यांना म्हातारी भोळी वाटली. एकीने लिहिलं, 'माझी सासू अशीच आहे, घरी जाऊन तिला दटावणार आहे.' हा फॉर्म मी वेगळा काढून ठेवला, मला आवडला. उरलेल्या निम्म्यांना म्हातारी मुळीच भोळी वाटली नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, तिने जाणूनबुजून बोलावलं, असं त्यांचं ठाम मत. मला राग आला. मी लिहिलंय, मला माहीत आहे, ते तिच्या तोंडून चुकून गेलं. लिहिणारीपेक्षा बघणाऱ्यांना जास्त कळतं की काय? आणि एक फॉर्म सामान पोचवणाऱ्याचा होता. 'मी दिवसाला शंभर दारं वाजवतो. वस्तू घेतात, दार लावतात. कुणी या म्हणत नाही. मला म्हातारी आवडली.' तोही मी वेगळा काढून ठेवला.

मग चार घड्यांचा फॉर्म हाताला लागला. नाव लिहायचं नव्हतंच, पण अक्षर ओळखायला मला नाव कशाला हवं? कलाकारांच्या कामाच्या रकान्यात होतं, 'म्हातारीने चांगलं केलं. गुडघे खरंच दुखत असावेत.' संगीताच्या रकान्यात, 'मोठं आहे.' आणि शेवटी, 'काही बदल सुचवाल का?' याच्यापुढे, 'तिने या म्हणायला नको होतं.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण दिग्दर्शकाने काय झालं म्हणून विचारलं. मी फॉर्म त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, बघ, हिला बरोबर कळलं. त्याने वाचला, उलटा केला, आणि म्हणाला की मागेही काहीतरी लिहिलंय.

मागे लिहिलं होतं, 'तीन दिवस बोलत बसला होता. आता परका राहिला नाही. त्याला ये म्हणायला हवं होतं.'

दिग्दर्शक उठून उभा राहिला. कुणी लिहिलंय हे, असं विचारत तो खोलीभर फिरला. त्या पाठमोऱ्या म्हातारीने 'या'ऐवजी 'ये' म्हटलं तर सगळा प्रसंगच बदलतो, अंगावर काटा येतो, आणि तिचं तोंड दिसत नसल्यामुळे पुन्हा चित्रीकरणही नको, नुसता आवाज बदलला की झालं, वगैरे वगैरे. मी कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. बाहेर आले आणि तोंडावर पाणी मारलं.

घरी गेले तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एका हाताने घालते आता, दुसऱ्याने फक्त दाबून धरते. मी समोर बसले आणि विचारलं, तो रक्त पिणारा आहे हे माहीत असूनही त्याला 'ये' म्हणायचं?

"हो."

"आणि घरात घ्यायचं?"

"घरात कशाला घ्यायचं? साखळी लावायची. दोन लावायच्या." तिने टॉवेलची कड सरळ केली. "पण निघालाय तर ये म्हणायचं."

मी तिला समजावून सांगितलं की चित्रपटात त्या शब्दानेच दार उघडतं, नियमच आहे तसा. ती म्हणाली, तो तुझ्या सिनेमातला नियम. मग बराच वेळ घड्या घालत राहिली. मी उठणार तेवढ्यात बोलली.

"तू त्याला बाहेर काढलंस ते बरोबर केलंस. मला जमलं नसतं. थंडीत अजून ठणकतो हात." तिने मनगट चोळलं. "पण तो जातो म्हणाला. आणि आपल्या दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही."

सव्वा वर्ष मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि मला त्याचं काय करावं ते कळेना. बरोबर असण्याचा कधी इतका कंटाळा आला नव्हता. मी तिच्याबरोबर उरलेल्या घड्या घातल्या. तिने माझ्या दोन घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला ध्वनिमुद्रणाला बोलावलं होतं. एका शब्दासाठी तिने पंधरा मिनिटं घेतली. चुकून म्हणायचंय की कळून, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, कळून. ती आत म्हणत होती आणि मी बाहेरच्या जिन्यात येऊन धाकट्याला फोन लावला. नंबर पाठ होता, त्याचाही मला राग आला.

त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, आई बरी आहे ना? मागे लोखंडावर काहीतरी ठोकल्याचे आवाज येत होते. मी बरी आहे म्हटलं. मग पितोस का अजून, असं विचारलं. तो म्हणाला, काल नाही. परवाबद्दल मी विचारलं नाही. घरी यायला तुला मी अजून सांगू शकत नाही, हेही बोलून टाकलं, कारण खोटं गोड बोलायला मी फोन केला नव्हता. तो म्हणाला, माहितीये. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. कुणीतरी त्याला वरून हाक मारली.

"चल, जातो," तो म्हणाला. "लोक अडकलेत वर."

"जातो म्हणू नये."

मागचं ठोकणं थांबलं.

"आईने सांगितलं का असं म्हणायला?"

"नाही. मीच म्हणतेय."

पुन्हा त्याला वरून हाक आली. त्याने ओ दिली नाही.

"येतो," तो म्हणाला, आणि मी 'ये' म्हणेपर्यंत फोन धरून थांबला.