जहाजासाठी दोन डबे

“काका, ह्या तेलात चहापत्ती हाय,” शीतल म्हणाली.

वडीगोद्रीला हायवेवर माझं भज्यांचं हॉटेल. भज्यांच्या वासानं एसटी स्टॉप नसताना थांबते आणि कंडक्टर घंटी मारायचं विसरतो, हे मी तीस वर्षं सांगत आलोय. काही जण मानतातही. तेल रोज ताजं, हीही त्यातलीच थाप. फक्त ती मी पाटीवर रंगवून घेतली होती.

शीतल आदल्या सोमवारी पहिल्यांदा आली होती. हॉटेलांतलं वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या कंपनीत ती कामाला. म्हणाली, युरोपाकडे जाणाऱ्या जहाजांना आता धूर कमी करायचा नियम लागलाय, म्हणून अशा तेलाचं इंधन करतात. “तुमचं किती निघतं, काका?”

गिऱ्हाइकं ऐकत होती. रोज येणारे गिरिधर गुरुजी तर पाटीखालीच बसलेले. मी म्हणालो, “आठवड्याला दोन डबे तर कुठं गेले न्हाईत.”

माझ्याकडे वाटीभरही नव्हतं. रात्री उरलेल्या तेलात सकाळी नवं ओतायचं. कढई कधी रिकामी झालीच नाही. मग नव्या तेलाचे दोन डबे आणले, तेल तापवलं आणि चहापत्ती टाकून काळं केलं.

ह्या खेपेला शीतलनं त्यात तेल तपासायची कागदाची पट्टी बुडवली. रंग बदलला नाही. “ह्याच्यात काहीच तळलेलं न्हाई. नवं तेल चालत न्हाई, काका. खायचंच तेल जहाजात जाळलं तर नियम कशाला केला मंग? तुम्ही रोज बदलता ना? ते जुनं कुठं जातं?”

तिनं साधंच विचारलं होतं, फॉर्म भरायला. मी रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत राहिलो. वाटलं, काहीतरी सुचेल.

“पोटात,” माझी बायको नंदाबाई बेसन कालवत म्हणाली. “लोकाच्या. अन् आमच्या बी.”

खाणं थांबलं. एकानं प्लेट सरकवली. गुरुजींच्या हातात अर्धं भजं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते तोंडात टाकलं, सावकाश चावून गिळलं.

“मिरची बराबर हाय आज, रामकिसन.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शीतलनं फॉर्मवर शून्य लिहिलं. मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नेहमीच्या वेळी आले. मी प्लेट भरायला घेतली.

“आज नुसतं पाणी दे,” ते हळूच म्हणाले. “पोट जरा...”

पुढचं त्यांना जमेना. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. मी ग्लास दोनदा विसळला, भरला आणि मान वर न करता त्यांच्यापुढे ठेवला.