चुकून लागलेला रंग

माझी नणंद शिवणकाम करते. तिच्या मोठ्या कात्रीला हात लावायची घरात कुणाची बिशाद नाही, आणि त्या कात्रीने कागद कापणं म्हणजे तर महापाप. तीच कात्री काल तिने आपणहून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, राहू दे तुझ्याकडे. उद्या तिचं अर्धं यकृत काढणार होते. सुईने काढलेल्या तुकड्यावरून गाठ कॅन्सरची ठरली होती.

मी त्याच हॉस्पिटलात स्लाइड तपासते. पण आपल्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, हा आमचा दंडक. म्हणून तिची स्लाइड आमच्या सरांकडे होती. सगळे त्यांना शंकासूर म्हणतात. मी शेजारी बसून कुणाच्या तरी अंगावरून काढलेल्या तिळाची स्लाइड बघत होते. बघते कसली, लक्षच नव्हतं.

तेवढ्यात शंकासूर करवादले. त्वचेच्या काळ्या कॅन्सरसाठी मी मागवलेला रंग टेक्निशियनने तिळाऐवजी यकृताच्या तुकड्याला लावला होता. आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात हे. मी त्याला असा झापला की विचारू नका.

शंकासूर ती स्लाइड टाकायला निघाले आणि उजेडात मला तपकिरी ठिपका दिसला.

"थांबा सर. यकृताच्या कॅन्सरला हा रंग चढतच नाही."

दंडक गेला उडत. आम्ही दोघंही वाकलो. तपकिरी पेशी, मध्ये चरबीचे थेंब, जाड भिंतींच्या रक्तवाहिन्या. अहो, हा कॅन्सर नव्हताच! चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्यांची ती दुर्मीळ गाठ होती, कॅन्सरचं सोंग घेणारी. बहुतेक वेळा निरुपद्रवी. एवढीशी असली तर नुसती नजर ठेवायची. मी चक्क नाचले.

शंकासूर नावाला जागले. दुसरी स्लाइड करून पुन्हा रंग लावायला लावला. पुन्हा तपकिरी. मग त्यांनीच सर्जनला फोन केला आणि उद्याचं ऑपरेशन रद्द झालं. झापलेल्या टेक्निशियनला मी मिठी मारली, तर तो आणखीच घाबरला.

नणंदेला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून तिचा नेहमीचा खडूस आवाज आला.

"वहिनी, माझ्या कात्रीने कागद तर नाही ना कापलास?"

सकाळीच मी त्या कात्रीने बिस्किटाचा पुडा फोडला होता.

"कापलाय," मी रडत म्हणाले. "ये आणि भांड."